परिसर सुशोभीकरण समितीस खुलं पत्र: फुलपाखरू उद्यान तिथं होतंच

प्रति,
मा. प्राचार्य, परिसर सुशोभीकरण समितीचे सर्व सदस्य आणि संस्थेचे विश्वस्त,
सोलापूर

सप्रेम नमस्कार.

कॉलेजचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्या कॉलेजानं मला शिकवलं त्याची चारचौघांत नाचक्की करायची माझी इच्छा नाही. शिवाय नाव गाळून वाचलं, तर सोलापुरातल्या बऱ्याच शिक्षणसंस्थांना हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटेल, आणि तसं वाटलं तर बरंच. तुम्हाला मात्र ते कुणासाठी आहे हे पुढच्याच परिच्छेदात कळेल.

दिवाळीनंतर मागच्या मैदानापलीकडच्या माळावर जेसीबी आला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार होती, तेव्हा परिसर 'स्वच्छ' दिसायला हवा होता. तरवड, रुई, घाणेरी, दोन-चार बोरी, हिवराची जुनी झाडं, सगळं उपटून कोपऱ्यात ढीग घातला आणि पेटवला. जमिनीवर रोलर फिरला. वर कुठूनतरी आणलेली लाल माती आणि हिरवळीच्या चटया आल्या. त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीवरची आग्या मोहोळं रात्री टेंभे लावून जाळली. आणि आता प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागलाय: त्याच जागी 'फुलपाखरू उद्यान' होणार. सिमेंटची मोठाली फुलपाखरं, कारंजं, सेल्फी पॉइंट.

फुलपाखरू उद्यान तिथं होतंच, सर. तुम्ही ते सपाट केलंत.

मी बोलते ती दोन नात्यांनी. तुमच्याच कॉलेजात मी वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली, आणि लग्नानंतर जे शेत वाट्याला आलं त्याचा बांध योगायोगानं तुमच्या मागच्या कंपाउंडला लागून आहे. भिंतीच्या आमच्या बाजूला तूर, वांगी, थोडं डाळिंब आणि दरवर्षी बियाण्यासाठी लावलेला कांदा. भिंत माणसांना आणि जनावरांना अडवते. फुलांवर हिंडणारी माशी तिच्यावरून जाते-येते, आणि आमच्या घरचा हिशोब त्या जाण्या-येण्यावर बसलेला आहे.

कांद्याचं बी कसं धरतं हे समितीतल्या सगळ्यांना ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून सांगते. निवडून ठेवलेला कांदा पुन्हा जमिनीत लावला की थंडीत त्याला दांडे फुटतात आणि दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा येतो. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं. प्रत्येक फूल आपला पराग आधी मोकळा करतं, आणि त्याचं स्वतःचं स्त्रीकेसर तयार होतं नंतर. त्यामुळे स्वतःचा पराग त्या फुलाच्या कामाला येत नाही, दुसऱ्या फुलावरचा कुणीतरी आणून द्यावा लागतो. वाऱ्यावर भरवसा ठेवून हे काम होत नाही, त्याला माशीच लागते. ती आली नाही तर गोंडा दिसायला छान भरलेला, आणि तळहातावर चोळला की निम्मं फोल. यंदा आमच्याकडे फोल फार निघालं. सगळा दोष तुमच्या जेसीबीचा, असं मी म्हणणार नाही. जानेवारीत आभाळ भरून राहिलं होतं, आणि आजूबाजूच्या शेतांत फवारण्याही बेसुमार झाल्या. पण आभाळ इतर वर्षीही येतं आणि फवारण्या इतर वर्षीही होतात. यंदा वेगळं एवढंच होतं की भिंतीपलीकडे काही उरलेलं नव्हतं.

त्या माळाकडे तुम्ही कसं पाहिलंत ते मी समजू शकते. डिसेंबरनंतर तो पिवळा पडतो, कुसळं कपड्यांना चिकटतात, साप असेल अशी भीती वाटते. पाहुण्यांना दाखवावा असा तो नव्हता. पण आम्ही बी.एस्सी.ला होतो तेव्हा निम्मं प्रॅक्टिकल तिथंच व्हायचं. रुईचं फूल पराग सुटा देत नाही, त्याची बारीक पुडकी बांधून ठेवतं. मध प्यायला आलेल्या भुंग्याच्या पायाला ती अडकतात आणि तो ती पुढच्या झाडावर नेतो. हे आम्ही पुस्तकात नंतर वाचलं, आधी त्या माळावर ओणवं बसून, सुईनं पुडकी ओढून काढून पाहिलं. आता रुईचं फूल हवं असेल तर शिपायाला बाहेर पाठवावं लागणार. वनस्पतिशास्त्र विभागाला कुणी विचारलं होतं का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

तरवडाची गोष्ट त्याहून महत्त्वाची, निदान माझ्या वांग्यांसाठी. तरवडाच्या पिवळ्या फुलात मध नसतो. पराग असतो, पण तो कोशात बंद असतो आणि कोशाच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात. काही माश्या फूल धरून पंख न हलवता अंग जोरात थरथरवतात, तेव्हा तो पराग छिद्रांतून बाहेर उडतो. मोठा काळा भुंगा हे करतो, पोटावर निळे पट्टे असलेली एक चपळ माशी करते. वांग्याच्या फुलातही पराग असाच कोशात बंद असतो. म्हणजे वर्षाचे बरेच महिने तरवडावर पोसलेली माशी माझ्या वांग्याला फळ धरून देते. आणि मोहोळातल्या मधमाशीला हे थरथरवणं जमत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं असं ऐकलं, की मधमाश्यांच्या दहा पेट्या आणून ठेवू, म्हणजे विषय मिटेल.

नाही मिटणार. मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या जगात साधारण २०,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक मोहोळ करत नाहीत, मध साठवत नाहीत, एकेकट्या राहतात. कुणी मादी जमिनीत बोगदा खणून अंडी घालते, कुणी वाळलेल्या फांदीत किंवा पोकळ काडीत. पानाचे गोल तुकडे कापून नेणारी माशी आहे, तुमच्या गुलाबाच्या पानांवर ते गोल कापे तुम्ही नक्की पाहिले असतील आणि बहुधा कीड समजून औषध मारलं असेल. या लहान माश्या घरापासून काही शे मीटरच्या पलीकडे फारशा जात नाहीत. आग्याची माशी काही किलोमीटरवरून येईल, पण यांना घर आणि फूल जवळजवळ लागतं. जमीन रोलरनं दाबून वर चटई अंथरली तेव्हा त्यांची दारं बंद झाली, आतल्या पुढच्या पिढीसकट. अशा जागी परदेशी मधमाशीच्या पेट्या ठेवल्या तर काय होईल? आधीच कमी फुलं, त्यात आणखी हजारो तोंडं. मग साखरेचं पाणी पाजून त्या जगवायच्या आणि फोटो काढायचे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव झालं, तिथं भोवती जंगल आहे. तुमच्याकडे बॉटल पाम आहेत.

आता माझ्या तक्रारी. काही मोठ्या आहेत, काही चिल्लर.

सगळ्यात मोठी मोहोळं जाळण्याची. आग्या मोहोळ धोक्याचं असतं, हे मला कुणी सांगायला नको, शेतात राहते मी. माशा उठल्या की माणूस जिवानिशी जाऊ शकतो, आणि ज्याला डंखाची ॲलर्जी आहे त्याला एक डंखही भारी पडतो. वसतिगृहाच्या दारावर किंवा वर्गाच्या खिडकीला मोहोळ लागलं तर ते हलवायलाच हवं. पण ही मोहोळं कुठं होती? उंच टाकीच्या खालच्या अंगाला, जिथं पंप चालू करणाऱ्या माणसाखेरीज कुणी फिरकत नाही. आग्या माशी फिरस्ती आहे. पावसाळा सरला की येते, फुलोरा संपला की स्वतःहून निघून जाते, आणि जागा सोयीची वाटली तर पुढच्या हंगामात तिथंच परतते. ती उगाच अंगावर येत नाही. धूर, दगड, फटाके, पतंगाचा मांजा, नाहीतर झडप घालणारा मधुबाज, असं काही झालं की उठते. म्हणजे तिला उठवायचे जे उपाय आहेत, त्यांतला सगळ्यात जालीम तुम्ही मुलांच्या वसतिगृहापासून हाकेच्या अंतरावर केलात. वाचलेल्या माशा दुसऱ्या दिवशी भांबावून फिरत होत्या, सायकल स्टँडवर मुलांना डंख झाले. त्याचं खापरही माशांवरच फुटलं. टाकीभोवती दोरी बांधून, एक पाटी लावून मे महिन्यापर्यंत थांबला असतात तर खर्च पाटीचा आला असता.

दुसरी तक्रार हिरवळीची. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शहरात नळाला पाणी कधी चार, कधी पाच दिवसांआड येतं, हे तुमच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरातलं रडगाणं आहे. अशा गावात एप्रिलच्या उन्हात टँकरनं लॉन भिजवायचं, ते दर आठवड्याला कापायचं म्हणजे त्यात एकदांडीचं एक फूलही टिकता कामा नये, आणि त्याला 'हरित परिसर' म्हणायचं? नॅकच्या सातव्या निकषात हरित परिसराची विचारणा आहे, ती झाडांची आणि रोपांची आहे. लॉन घाला असा आग्रह त्यात कुठं नाही. माळावरच्या एकदांडीला आणि तरवडाला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं.

तिसरी लागवडीची. उपटलेल्या हिवराच्या आणि बोरीच्या जागी पाम आणि कोनोकार्पस आले. कोनोकार्पस लवकर वाढतो, हिरवागार दिसतो, ठेकेदाराला सोपा पडतो. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे ठेकेदारानं सांगितलं नसेल. ड्युरांटाचं कुंपण आहे, आणि ड्युरांटा फुलू दिला तर फुलपाखरं त्यावर तुटून पडतात. पण तुम्ही तो वर्षभर इतका काटेकोर छाटता की त्याला कळी धरायला उसंत मिळत नाही. बोरीबद्दल मात्र मला गंभीरपणे विचारायचं आहे. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. ती घेतली असेल तर दाखवा. मी लगेच माझा हा प्रश्न मागे घेईन.

पाला जाळता, ही चौथी. दर शनिवारी मागच्या बाजूनं धूर येतो आणि आमच्या दोरीवरचे कपडे धुरकट होतात, पण ते सोडा. बार्शीकडे सीताफळाच्या मोठाल्या बागा आहेत. सीताफळाचं परागीभवन मधमाशी करत नाही, फुलात शिरणारे बारीक भुंगेरे करतात, आणि ते कुजणाऱ्या फळांत, पाल्यापाचोळ्यात वाढतात. तुमच्या स्टाफ क्वार्टरच्या मागं सीताफळाची चार झाडं आहेत. फळं धरत नाहीत म्हणून तुमचेच एक सर माझ्याकडे खत विचारायला आले होते. मी त्यांना म्हटलं, आधी पाला जाळणं थांबवा.

धूरफवारणीबद्दल मी फार ताणणार नाही. डेंग्यू खरा आहे. पण डासांची पैदास साचलेल्या पाण्यात होते. गच्चीवरच्या फुटक्या टाक्या तशाच ठेवून फुललेल्या करंजावर औषध मारण्यात काय अर्थ? आणि मैदानावरचे ते मोठे दिवे रात्रभर कुणासाठी जळतात? रात्री फुलणाऱ्या फुलांवर पतंग येतात, ते दिव्याभोवती फिरून मरतात. सकाळी खांबाखाली झाडू मारणाऱ्या मावशींना विचारा.

त्यांना विचाराच. समितीच्या यादीत नऊ नावं आहेत, त्यांत एकही माळी नाही, झाडूवाली नाही. कुठल्या झाडावर कधी काय येतं हे तुमच्या जुन्या माळीकाकांना जितकं ठाऊक आहे तितकं माझ्या पदवीच्या वर्गातही कुणाला ठाऊक नव्हतं. जेसीबी आला त्या दिवशी ते बाजूला उभे होते. त्यांना फक्त नळी धरायला सांगितलं होतं.

कुणी म्हणेल, एका कॉलेजच्या दोन एकरांनी काय होतं. सोलापूरकरांनी तरी हे म्हणू नये. आपल्याच नान्नजचा माळ कित्येकांना ओसाडच वाटत होता, तिथं माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आपल्याकडे करडई पिकते, तिच्यावर मावा पडतो. पिवळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी घिरट्या घालणारी एक माशी आहे. तिच्या अळ्या मावा खातात, आणि ती स्वतः रानफुलांवर जगते. आपल्याकडे डाळिंब आहे, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि बहरात पेट्या भाड्यानं आणणारे शेतकरी आहेत. जी माशी फुकट येत होती तिच्यासाठी आता भाडं मोजायचं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे, तुमच्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर. तिथल्या कुणा शास्त्रज्ञाला चहाला बोलावून विचारलं असतंत तरी हा माळ वाचला असता, असं मला वाटतं.

माझ्या मागण्या अशा. त्यांतल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

सिमेंटच्या फुलपाखरांची ऑर्डर थांबवा. मागच्या कंपाउंडलगतची निदान निम्मी जागा मोकळी करा: चटई काढा, लाल माती उचला, आणि मृगाचा पाऊस पडू द्या. खालच्या जमिनीत बी आहे. पहिल्या वर्षी एकदांडी, गोखरू, रानतुळस येईल, तरवड मी माझ्या बांधावरून बी आणून देते. तिथं रोलर नको, तणनाशक नको. वर्षातून एकदा, गवताचं बी पडून गेल्यावर, अर्धा भाग कापा आणि अर्धा तसाच राहू द्या. ओसाड वाटू नये म्हणून कडेनं एक पायवाट आणि एक पाटी ठेवा, म्हणजे पाहुण्यांना कळेल की हे मुद्दाम ठेवलेलं आहे. साप असण्याची भीती असेल तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत आखूड ठेवा.

मोहोळ जाळायचं नाही, असा लेखी ठराव करा. धोक्याच्या जागी लागलं तर प्रशिक्षित माणूस बोलावून हलवायचं, बाकी ठिकाणी दोरी, पाटी, आणि मुलांना एका तासाची माहिती.

पुढची लागवड फुलोऱ्याचं वेळापत्रक पाहून करा. कॅलेंडर तुमच्याच विभागात तयार होईल, पण ढोबळ सांगते: फेब्रुवारीत पळस आणि पांगारा, मार्च-एप्रिलला कडुनिंब, मग करंज, मेच्या सुमारास चिंच, पावसाळ्यात रानफुलं आणि तुळस-सब्जा, भाद्रपदापासून बोरी, दिवाळीपासून आमची तूर, आणि मधल्या खिंडी भरायला शेवगा. कढीपत्ता आणि लिंबू लावा आणि त्यांवरच्या अळ्या मारू नका, त्यांचीच पुढं फुलपाखरं होतात. ड्युरांटाची एक बाजू छाटायची सोडा. पाला कोपऱ्यात कुजू द्या. उन्हाळ्यात चार ठिकाणी पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवा, खडे नसले तर माशा बुडतात. फुललेल्या झाडावर फवारणी नको.

आणि मोजणी करा. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी दर महिन्याला ठरलेल्या झुडपांसमोर दहा-दहा मिनिटं बसून कोण आलं याची नोंद ठेवावी. जैवविविधता कायद्याखाली स्थानिक पातळीवर लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, तिला याचा उपयोग होईल, आणि मुलांना प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून उतरवून काढावं लागणार नाही. २० मे हा २०१८ पासून जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळतात. तेव्हा कॉलेजला सुट्टी असते, त्यामुळे पोस्टर स्पर्धेची धास्ती नाही. जून उजाडल्यावर मोजणी सुरू केली तरी चालेल.

समितीची पुढची बैठक कधी आहे ते कळवा. बैठकीला माळीकाकांना खुर्ची द्या. मीही येते, फोल निघालेले गोंडे आणि मागच्या वर्षीचं बी अशा दोन पिशव्या घेऊन. लेखी उत्तर मृगाच्या आत मिळावं ही विनंती. उत्तर आलं नाही तर वृक्षतोडीच्या परवानगीबद्दलचा माझा अर्ज माहितीच्या अधिकारात तुमच्या कार्यालयात येईल. तो लिहून तयार आहे.

कळावे,

आपली माजी विद्यार्थिनी
आणि मागच्या भिंतीपलीकडची शेजारीण